मास्तरणीच्या दुधाची मोजणी

संस्थेचे पत्र आले तेव्हा आई गाईची कास धूत होती, आणि कास धुताना आई कुणाशी बोलत नसे. त्यामुळे पत्र धाकटीने फोडले आणि गोठ्याच्या दारात उभे राहून, शाळेत बाई वाचायला उभे करतात तेव्हाच्या आवाजात, धाकटीनेच ते वाचले.

"'आपणांस कळविण्यात येते की, येत्या सोमवारी आपणांकडील गाईच्या दुधाची मोजणी होईल. ज्या गाईचे एका दिवसाचे दूध आठ लिटरपेक्षा कमी भरेल, त्या लाभार्थी कुटुंबाबाबत पुनर्विचार करण्यात येईल.'"

"काय करण्यात येईल?" पायरीवर ऊन खात बसलेल्या आजोबांनी विचारले.

"पुनर्विचार."

आजोबा तीस वर्षे कोर्टात शिपाई होते. कोर्टाच्या दाराबाहेरच्या स्टुलावर बसून त्यांनी जेवढा कायदा ऐकला होता, तेवढा आतल्या वकिलांनीही ऐकला नसावा, निदान आजोबांचे तरी तसेच मत होते. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि परत घातला. वाईट बातमी ते नेहमी पुसलेल्या चष्म्यातूनच देत.

"गेली," ते म्हणाले.

"कोण गेली?"

"गाय. पुनर्विचार म्हणजे काढून घेणं. तीस वर्षं बघितलंय मी. पुनर्विचाराला आत गेलेला माणूस बाहेर येताना कधी हसत आला नाही."

आईचा हात कासेवर थांबला. "मामंजी, नीट आठवून सांगा. काढूनच घेतात?"

"सूनबाई, मी दार उघडायचो ना त्यांच्यासाठी? तोंडं दिसायची मला."

आता हे सगळे आठवले की हसू येते. पण त्या सकाळी कुणी हसले नाही, आणि का हसले नाही हे सांगायचे तर ती गाय त्या घरात काय होती ते आधी सांगावे लागेल.

बाबांची जमीन एवढीशी होती की एका टोकाला ते खोकले तर दुसऱ्या टोकावरची पाखरे उडत. त्या जमिनीत घराचे पोट भरे, पण पोटाच्या वरचे काही निघाले की सगळे एकमेकांकडे बघत बसत. चार वर्षांपूर्वी संस्थेने आईच्या नावावर एक गाभण गाय फुकट दिली. अट एकच होती. पहिली कालवड झाली की ती दुसऱ्या गरजू घराला द्यायची. झाली तेव्हा ती शेजारच्या गल्लीतल्या शिंपिणीकडे गेली, आणि आता तीही दुभती झाली होती.

गाईच्या दोन्ही डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळे होती आणि ती माणसाकडे चष्म्यातून बघावे तशी बघत असे, म्हणून तिला मास्तरीण म्हणत. मास्तरीण आली आणि त्या घराची भाषाच बदलली. खर्च पैशात बोलणे बंद झाले. आजोबांच्या डोळ्यांतले थेंब म्हणजे दीड सकाळ. साबण, तेल, मीठ आणि काडेपेटी मिळून तीन सकाळी. छपराचे पत्रे तर अख्ख्या वेताचे होते. एकदा धाकटीने चपलांच्या दुकानात मालकाला सरळ विचारले होते, "हे बूट किती सकाळचे?" मालक बिचारा घड्याळाकडे बघत राहिला. ते दिवस टंचाईचेच होते, पण टंचाईलाही एक हिशेबशीर गोडवा होता, आणि पुढे सगळे सुरळीत झाल्यावर त्या घरातल्या माणसांना नेमकी त्याचीच आठवण येत असे.

संध्याकाळचे दूध मात्र कुणी मोजायचे नाही. ते थोरलीचे. थोरली शहरात नर्सिंग शिकत होती आणि त्यातले शेवटचे एक वर्ष उरले होते. संध्याकाळचे दूध कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे जाई, आणि त्याच्याकडून महिन्याला जे येई ते तसेच थोरलीच्या वसतिगृहात जाई. म्हणजे मास्तरीण गेली की थोरलीचे शिक्षण तिथेच थांबणार, इतका सरळ मामला होता.

आणि मास्तरीण त्या दिवसांत सात लिटरच्या आसपास देत होती. वेत उतरणीला लागले होते आणि मागची गवताची गंजी गुडघ्यापर्यंत आली होती.

सोमवारपर्यंत आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत मास्तरणीचे असे लाड झाले की तिला स्वतःलाच संशय आला असावा. बाबा उद्याचे गवत आजच टाकू लागले. आजोबा आपल्या ताटातली भाकरी खिशात घालून गोठ्यात नेऊ लागले. धाकटी तिला अभ्यासातल्या कविता म्हणून दाखवू लागली, कारण गाणे ऐकून गाई जास्त दूध देतात असे तिने कुठेतरी वाचले होते. मास्तरणीने कविता चष्म्यातून ऐकून घेतल्या आणि दूध होते तेवढेच दिले.

सोमवारी सकाळी संस्थेचे तपासनीस सायकलवरून आले. काडीसारखे बारीक, कानामागे पेन्सिल, आणि हातात फडक्यात गुंडाळलेले दोन लिटरचे चकचकीत माप. त्या मापाला ते इतके जपत होते की आईला वाटले, आपल्या गाईपेक्षा यांचे मापच जास्त लाडाचे आहे. त्यांच्यासमोर आईने धार काढली आणि दूध संस्थेच्याच वीस लिटरच्या कॅनमध्ये ओतले. कॅनच्या तळाशी ते अगदीच केविलवाणे दिसत होते.

"मोजता ना?" बाबांनी विचारले.

"आत्ता नाही. संध्याकाळचं यातच ओता, मग एकदम मोजतो. दोनदा मोजलं की माप दोनदा धुवावं लागतं." तपासनीसांनी झाकण लावले. "कॅन मागच्या हौदात ठेवा, गार राहील. मला अजून सहा घरं आहेत."

आणि ते सायकलवर टांग मारून गेले. कॅनला ना कुलूप, ना पहारा. संस्थेने माणसांवर विश्वास टाकला होता, आणि सगळी गडबड तिथूनच सुरू झाली.

पहिली चुकली आई. आईने जन्मात कधी दुधात पाणी घातले नव्हते. पण इथे दुधात दूध घालायचे होते. ती शिंपिणीकडे गेली, "उद्या परत देते" म्हणून दोन लिटर मागून आणले आणि इकडेतिकडे बघून कॅनमध्ये ओतले. शिंपिणीची गाय म्हणजे मास्तरणीची पोर. लेकीचे दूध आईच्या नावावर लागले तर त्यात लबाडी कसली, अशी तिने मनाची समजूत घातली.

तासाभराने बाबा चहावाल्याकडे गेले.

"तीन लिटर दूध हवंय," ते चपलेकडे बघत म्हणाले.

"तुम्हाला? रोज तुम्ही देता आणि मी घेतो. आज काय झालं?"

"पाहुणे येणारेत."

"तीन लिटरचे पाहुणे?"

"दूध पिणारे आहेत," बाबा म्हणाले. खोटे बोलण्याची सवय नसलेला माणूस खोटे बोलतो तेव्हा तो असेच बोलतो. चहावाल्याने आदल्या संध्याकाळचे, दोनदा तापवून ठेवलेले दूध दिले. ते मास्तरणीचेच होते. बाबांनी कॅनचे झाकण उघडले आणि आतले दूध पाहून त्यांना बरे वाटले. सकाळी मास्तरणीने मनापासून दिलेले दिसते, असे म्हणत त्यांनी आपले तीन लिटर वर ओतले.

मग आजोबा. त्यांचा एक जुना मित्र शेळ्या राखायचा. त्याच्याकडून पाण्याच्या बाटलीत दीड लिटर शेळीचे दूध घेऊन, बाटली कोटाच्या आत धरून ते आले. दुपारच्या उन्हात कोट घातलेला बघून कुणीतरी विचारले, तर म्हणाले, "थंडी वाजतेय." कॅनमध्ये डोकावल्यावर त्यांना दूध भलतेच वर आलेले दिसले. आजोबांनी डोळे चोळले. डॉक्टरांनी थेंब चुकीचे दिलेत, असा निष्कर्ष काढून त्यांनी बाटली रिकामी केली.

धाकटीने शाळेतून येताना खाऊच्या पैशांतून दूध पावडरचा डबा आणला होता. ती कोमट पाण्यात कालवून तिने दोन लिटर दूध तयार केले. कालवताना घाई झाली, त्यामुळे काही पावडर विरघळली आणि काही गुठळ्यांच्या रूपात स्वतःचे वेगळे अस्तित्व राखून राहिली. कॅन अर्ध्याहून जास्त भरलेला पाहून आजोबांनी उगाच घाबरवले असे तिला वाटले. पण एवढे कालवलेले टाकणार कुठे?

आणि तीनच्या बसने थोरली आली. धाकटीने आदल्या दिवशी चहावाल्याच्या फोनवरून तिला सगळे सांगितले होते आणि कुणाला सांगू नकोस असेही सांगितले होते. थोरलीच्या पिशवीत वह्यांच्या खाली दुधाच्या तीन पिशव्या होत्या. घरात शिरायच्या आधी ती हौदाकडून आली. कॅन तिलाही भरलेला दिसला. पण इतक्या लांबून सांभाळत आणलेले दूध परत न्यायचे तिच्या जिवावर आले.

संध्याकाळी आईने धार काढली आणि बादली घेऊन ती हौदाशी आली. तपासनीस परत येऊन शेजारी उभे होतेच. तिने झाकण उघडले आणि मनात हिशेब केला. सकाळचे चार आणि शिंपिणीचे दोन, असे सहा लिटर असायला हवे होते. आतले दूध गळ्याकडे निघाले होते. पण तपासनीसांसमोर बोलणार काय? तिने बादली ओतली.

तपासनीसांनी फडके सोडले, माप काढले आणि मोठ्याने मोजायला सुरुवात केली.

"दोन. चार. सहा."

सगळ्यांनी श्वास रोखला होता.

"आठ."

सगळ्यांनी श्वास सोडला. बाबांनी हळूच आईकडे पाहून मान हलवली. आजोबांनी मिशीवरून हात फिरवला.

"दहा."

सगळे हसले.

"बारा."

हसू जरा कमी झाले. थोरलीने धाकटीकडे पाहिले, धाकटीने आजोबांकडे पाहिले, आजोबांनी आभाळाकडे पाहिले.

"चौदा. सोळा." तपासनीस थांबले, कॅन वाकडा करून बघितला आणि उरलेले मापात घेतले. "साडेसतरा."

मास्तरीण गोठ्यातून चष्म्यातून बघत होती. इतक्या लोकांनी मिळून केलेले काम तिच्या नावावर लागले होते आणि तिला त्याचा काही गर्व दिसला नाही.

तपासनीसांनी पेन्सिलीने मापातून काहीतरी उचलले. "ताई, ही साय आहे. तुमच्या गाईला दूध साय धरूनच येतं का?"

"तिची प्रकृती जरा उष्ण आहे," आई म्हणाली.

"आणि या गुठळ्या?"

"पौष्टिक खाल्लं की होतात," धाकटी म्हणाली. "आमच्या पुस्तकात आहे."

तपासनीसांनी माप नाकाजवळ नेले. "शेळीचा वास येतोय."

"तिची मैत्रीण आहे एक शेळी," आजोबा म्हणाले. "संगत लागते, साहेब."

वही उघडून तपासनीसांनी साडेसतरा लिहिले आणि आईसमोर हात जोडले. "अभिनंदन. संस्थेच्या सगळ्या गाईंत हा पहिला नंबर. पंधराच्या वर गेलेली गाय आम्ही महिनाभर शहरातल्या प्रदर्शनात ठेवतो. परवा गाडी येईल."

"गाडी? कशाला?"

"गाय न्यायला."

आईने हौदाचा कठडा धरला. गाय जाऊ नये म्हणून हा सगळा उद्योग, आणि गाय तर निघालीच होती.

"साहेब, ते पुनर्विचाराचं काय?" थोरलीने विचारले.

"तुम्हाला कशाला पुनर्विचार? तो आठाच्या खालच्यांना. ज्यांच्या गाईला खायला पुरत नाही त्यांचा संस्था परत विचार करते. नवं गवत येईपर्यंत पेंड आणि वैरण संस्थेकडून, फुकट. गाईला जगवायचं तर एवढं करावंच लागतं."

सगळ्यांच्या माना एकदम आजोबांकडे वळल्या. आजोबा चष्मा पुसत होते.

"कोर्टात असं नव्हतं," ते पुटपुटले.

मग मात्र बांध फुटला. आधी आईच पुढे आली. "साहेब, माझं चुकलं. त्यातले दोन माझे." बोलता बोलता तिला जाणवले की आकडा जेवढा खाली येईल तेवढे बरे. "तीनच म्हणा. शिंपीण सढळ हाताची आहे."

"तीन तर माझे," बाबा म्हणाले. मग आईकडे बघून त्यांनी सुधारले, "पाच. पाच असतील."

"अहो, पाच लिटर?" आई म्हणाली.

"चहावाल्याचं माप मोठं आहे."

"माझे चार," आजोबा म्हणाले.

"आजोबा, एका बाटलीत?"

"मोठी बाटली होती."

थोरलीने तीन पिशव्या म्हणजे तीन लिटर सांगितले, कारण त्या अर्ध्या लिटरच्या होत्या हे कुणी विचारले नव्हते. धाकटीने साडेतीन सांगितले. अर्धा कशाला, असे विचारल्यावर ती म्हणाली, "म्हणजे खरं वाटेल."

तपासनीस हे सगळे वहीच्या कोपऱ्यात मांडत होते. बेरीज करून त्यांनी पेन्सिल कानामागे ठेवली. "साडेअठरा झाले. कॅनमध्ये होते साडेसतरा. म्हणजे आज तुमच्या गाईनं दूध दिलेलं नाही. उलट एक लिटर प्यायलेलं आहे."

बाबांना आधी हसू आले, मग हसल्याचे वाईट वाटले. आई खाली बघत उभी होती. "साहेब, आम्ही लबाड माणसं नाही हो," ती म्हणाली. "गाय गेली तर हिचं वर्ष जाईल, एवढंच डोक्यात होतं." आणि तिने थोरलीकडे बोट केले. एवढी मोठी झालेली, सुई टोचायला शिकलेली थोरली, तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आले.

तपासनीसांनी साडेसतरावर काट मारली. "उद्या परत मोजू. या खेपेला मी इथून हलणार नाही."

मंगळवारी ते खरेच हलले नाहीत. सकाळची धार झाल्यापासून ते हौदाशेजारी उलट्या टोपलीवर बसून राहिले. आजोबांनी त्यांना कोर्टातल्या सगळ्या गोष्टी सांगितल्या. दुपारपर्यंत तपासनीसांचा चेहरा शिक्षा झालेल्या माणसासारखा झाला, पण ते टोपलीवरून उठले नाहीत. घरातले कुणी कॅनच्या वाऱ्यालाही उभे राहिले नाही. तशी आईने शपथच घातली होती.

संध्याकाळी कॅन उघडला. या खेपेला कुणाच्या मनात धाकधूक नव्हती. सात भरणार, फार तर साडेसात. पेंड येणार, गाय राहणार.

"दोन. चार. सहा. आठ," तपासनीस म्हणाले आणि थांबले. कॅनमध्ये अजून होते. ते त्यांनी ओतून घेतले, मापावरच्या रेघेशी डोळा नेला आणि सावकाश म्हणाले, "आठ लिटर, वर पाव."

आठ दिवसांचे लाड मास्तरणीच्या अंगी लागले होते. उद्याचे गवत, आजोबांची भाकरी, कदाचित कवितासुद्धा. सगळे तिने नेमके त्या दिवशी फेडले होते.

"साहेब, पाव लिटरच आहे वर," बाबा म्हणाले.

"आठाच्या खाली हवं. हे वर आहे."

"गंजी बघा मागची. पंधरा दिवसही पुरणार नाही ती. मग ही आटेल."

"दिसतंय मला. पण वहीत गंजीचा रकाना नाही."

धाकटी हळूच कॅनकडे सरकली. कॅनला धक्का लागला तर लागला, असा तिचा बेत होता. आईने तिचा दंड धरला.

"सांडायचं नाही," आई म्हणाली. "तिनं दिलंय ते. उपाशीपोटी दिलंय. लिहा साहेब, आठ आणि पाव. खरं आहे ते लिहा."

थोरली म्हणाली, "आई, मी एक वर्ष थांबते. पुढच्या वर्षी करीन पुरं." ती हे इतक्या सहज म्हणाली की सगळ्यांना कळले, तिने रात्रभर हेच घोकले असणार. आजोबांनी तोंड फिरवले. गाईला जगवायची वैरण आणि मुलीचे वर्ष, दोन्ही त्या पाव लिटरवर येऊन थांबले होते आणि पेन्सिल वहीवर टेकली होती.

तपासनीसांनी पेन्सिल परत उचलली. वहीची पहिली पाने उलटून ते नियम वाचू लागले. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. "एक विचारायचं राहिलं. घरखर्चाला रोज किती दूध लागतं?"

"सगळंच लागतं, साहेब," बाबा म्हणाले. "तरी पुरत नाही."

"सगळं?"

"सकाळचं तेल, मीठ, साबण, औषधाला. संध्याकाळचं हिच्या शिक्षणाला. घरखर्चाला वेगळं काही उरतच नाही."

"तसं नव्हे हो. घरखर्च म्हणजे घरात पिता किती? तेवढं वगळून मोजायचं, असा नियम आहे."

बाबांनी आईकडे पाहिले, आईने आजोबांकडे. तपासनीस वाट बघत होते.

"घरात कशाला प्यायचं?" शेवटी आजोबा म्हणाले. "ते विकायचं असतं."

"चार वर्षांत कुणी प्यायलं नाही?"

"चहा कोराच बरा लागतो आम्हाला," आई म्हणाली.

तपासनीसांनी आपले माप उचलले. मग त्यांनी ते शर्टाच्या बाहीने पुसले, फडके शेजारीच असून. "पाच पेले आणा," ते म्हणाले.

"कशाला?"

"घरखर्चाला. पण न पिता नुसतं लिहिलं तर खोटं होईल. आणि कालचं खोटं मला पुष्कळ झालं."

थोरली नर्स होऊ घातलेली. तिने तापवल्याशिवाय कुणाला हात लावू दिला नाही. पाच मोठ्या पेल्यांचे सव्वा लिटर दूध चुलीवर चढले, आणि पाची जणे त्या पातेल्याभोवती, ते काय करते बघत उभी राहिली. दूध वर येते आणि उतू जाते हेही धाकटी विसरून गेली होती. तिने घाबरून मागे उडी मारली.

पहिला पेला आजोबांनी घेतला. डोळे मिटून, औषध घ्यावे तसा. बाबांनी तीन घोटांत संपवला आणि ओठांवर पांढरी मिशी घेऊन गंभीरपणे उभे राहिले. थोरली पिता पिता थांबली, हसली आणि परत प्यायली. धाकटीने पेल्यात बोट घालून तळाची सायसुद्धा सोडली नाही. कॅनमध्ये उरलेले दूध तपासनीसांनी पुन्हा मोजले. सात लिटर.

"सात," ते म्हणाले, पण लिहिले नाही. आईचा पेला चुलीच्या कडेला तसाच भरलेला होता.

"माझं राहू द्या," आई म्हणाली. "तेवढंच उद्याच्या—"

"ताई, लाभार्थी म्हणून नाव तुमचं आहे. तुमचा पेला भरलेला असेपर्यंत मला हा आकडा लिहिता येणार नाही."

आईने पेला उचलला. सगळे बघत आहेत म्हटल्यावर ती वळली आणि गोठ्याच्या दाराशी जाऊन, मास्तरणीकडे तोंड करून, उभ्या उभ्याच प्यायली. पेन्सिल वहीवर खरखरली. "सात लिटर. पुनर्विचार करावा," तपासनीस स्वतःशीच म्हणत लिहीत होते. आईला ते ऐकू गेले की नाही कोण जाणे. चार वर्षे दोन्ही वेळा तिची धार काढणारी आई रिकामा पेला हातात धरून बराच वेळ मास्तरणीकडे बघत राहिली, आणि मग जरा नवलानेच म्हणाली,

"चांगलं आहे की गं तुझं दूध."